तेल फाटंना झालंय: चिंचोळीतल्या एका हट्टी इमल्शनचा माग

मे महिन्याचा दुसरा आठवडा, दुपारचे साडेतीन. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका युनिटच्या ३ नंबर टाकीवर मी आणि तिथली टाकी सांभाळणारे मामा उभे होतो. पत्रा एवढा तापलेला की हातमोज्याशिवाय रेलिंग धरवत नव्हतं. मामांनी डिप रॉडच्या खालच्या दीड फुटाला वॉटर पेस्ट चोळली, रॉड तळापर्यंत सोडला, थोडं थांबले आणि वर ओढला. तळाशी पाणी साचलं असतं तर पेस्टचा रंग एका सरळ रेषेपर्यंत बदलला असता. इथे रेषच नव्हती. दीड फूटभर नुसते ठिपके, अंगावर गोवर उठावा तसे.

"सर, आज नववा दिवस. तेल फाटंना झालंय," मामा म्हणाले.

दूध फाटतं तसं तेल फाटतं, हा इथल्या शेडमधला शब्द. तेल वर, पाणी खाली, मध्ये स्वच्छ रेघ, म्हणजे तेल फाटलं. पाण्याचे बारीक थेंब पोटात धरून बसलेलं, न फाटलेलं तेल म्हणजे इमल्शन. मला 'फाटणं' हा शब्द 'फेज सेपरेशन'पेक्षा जास्त आवडतो. (युनिटची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. तांत्रिक गाभा तसाच ठेवला आहे.)

चादरी-टॉवेलच्या गावात कच्च्या तेलाचं काय काम, असं कुणी विचारेल. सोलापुरात रिफायनरी नाही. पण रिफायनरीत जड कच्च्या तेलावर काम करताना जे तेल-पाणी-गाळाचं मिश्रण बाजूला पडतं, टाक्यांच्या तळाशी जे साचतं, त्याला स्लॉप म्हणतात, आणि ते प्रदूषण मंडळाची परवानगी असलेल्या पुनर्प्रक्रिया युनिटांकडे जातं. हे युनिट त्यातलंच. स्लॉप गरम करायचं, थोडं पाणी घालून धुवायचं, स्थिर ठेवायचं, खालचं पाणी काढून टाकायचं आणि वरचं तेल भट्ट्यांसाठी इंधन म्हणून विकायचं. फर्नेस ऑइलच्या भारतीय मानकात पाण्याची मर्यादा १ टक्का आहे. यांच्या ३ नंबर टाकीत नवव्या दिवशीही साडेचार टक्के पाणी होतं.

पाणीच काढायचं आहे तर वरून आणखी पाणी कशाला, हा प्रश्न मालकांनी पहिल्याच दिवशी विचारला. रास्त प्रश्न. तेलातल्या पाण्याच्या थेंबांत मीठ विरघळलेलं असतं. तेलात व्हॅनेडियम आणि सोबत सोडियम असेल तर जळल्यावर कमी तापमानाला वितळणारी राख होते. ती भट्टीच्या नळ्यांवर चिकटते आणि धातू खाते. गिऱ्हाईक एकदा पोळलं की परत येत नाही. म्हणून मीठ धुऊन काढायचं. रिफायनरीतला डिसॉल्टर हेच काम करतो, फक्त थाटात. तिथे १२० ते १५० अंशांना, दाबाखाली, तेलाच्या ४ ते ८ टक्के पाणी घालतात आणि हजारो व्होल्टच्या विद्युतक्षेत्रातून मिश्रण नेतात. क्षेत्रात थेंब ताणले जातात, एकमेकांना ओढतात, जुळून मोठे होतात. ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी; कॅलिफोर्नियात कॉट्रेल यांनी ती १९११ च्या सुमारास पेटंट केली. मी स्वतः बारा वर्षं किनाऱ्यावरच्या एका रिफायनरीत असल्याच एका डिसॉल्टरची उस्तवार केली आहे. चिंचोळीत ना विद्युतक्षेत्र, ना दाब. ८०-८५ अंशांपर्यंत वाफेची कॉइल, एक पंप, आणि गुरुत्वाकर्षण.

गुरुत्वाकर्षण फुकट असतं, पण आळशी असतं. थेंब किती वेगाने खाली बसेल हे स्टोक्सच्या नियमाने काढता येतं: वेग थेंबाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तेलाच्या चिकटपणाच्या प्रमाणात कमी होतो. मालकांना मी त्यांच्याच वहीच्या पाठकोऱ्या पानावर हिशोब करून दाखवला. तेलाची आणि पाण्याची घनता यांत घनमीटरला ७० किलोंचा फरक, तेलाचा चिकटपणा पाण्याच्या पन्नासपट, थेंब १० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा. उत्तर: दिवसाला साधारण साडेसहा मिलिमीटर. ३ मीटर उंचीच्या टाकीत वरचा थेंब तळाला पोचायला सव्वा वर्ष. तोच थेंब १०० मायक्रॉनचा झाला तर दिवसाला ६६ सेंटिमीटर, म्हणजे साडेचार दिवस. मालक पान बघत राहिले. "म्हणजे वाट बघून उपयोग नाही." नाही. थेंब जुळवावे लागतात.

आणि जड तेलात थेंब जुळत नाहीत, याची कारणं ठरलेली आहेत. अस्फाल्टीन आणि रेझिन हे जड रेणू थेंबाच्या पृष्ठभागावर जाऊन बसतात आणि तिथे कातडं धरतं. दुधावर साय धरते तसं, आणि सायीसारखंच ते जितका वेळ जाईल तितकं घट्ट होतं. मेण, चिकणमातीचे कण, गंज, लोहाचं सल्फाइड या बारीक घन कणांनी त्या कातड्याला अस्तर लागतं. दोन थेंब एकमेकांवर आपटतात आणि रबरी चेंडूसारखे परततात. म्हणून जुनं स्लॉप ताज्या तेलापेक्षा नेहमीच हट्टी.

एवढी सगळी कारणं तेलातच आहेत म्हटल्यावर सगळ्यांनी तेलालाच दोष दिला यात नवल नाही. मालकांचं म्हणणं, "रिफायनऱ्या आता जास्त जड क्रूड घेतात, त्याचा हा गाळ." केमिकलवाल्याचं म्हणणं, डिमल्सिफायरचा डोस वाढवा. त्यांनी वाढवला. फेब्रुवारीत ३०० पीपीएम (दहा लाख भागांत ३००) टाकत होते, मे महिन्यात १५०० वर गेले होते. डिमल्सिफायर हाही पृष्ठभागावर बसणाराच रेणू. त्याचं काम अस्फाल्टीनला तिथून हुसकावून कातडं पातळ करायचं. पण गरजेपेक्षा जास्त झाला की तो स्वतःच तिथे ठाण मांडतो आणि उलट इमल्शन टिकवतो. दुखणं वाढलं म्हणून औषध वाढवलं, आणि औषधाने दुखणं वाढलं.

मी गेल्यावर पहिल्यांदा काय केलं, तर पंप बघितला. इथे एक सोपी चूक सापडली. जुना स्क्रू पंप जानेवारीत बिघडला होता आणि त्या जागी सेंट्रिफ्युगल पंप बसवला होता. धुण्याचं पाणी घातल्यावर "नीट मिसळावं म्हणून" ते तासभर त्याच पंपातून फिरवत, तेही पुढचा व्हॉल्व्ह अर्धा बंद ठेवून. पंपातला पंखा, म्हणजे इंपेलर, मिनिटाला ३००० च्या आसपास फेऱ्यांनी फिरतोय आणि अर्ध्या बंद व्हॉल्व्हच्या फटीतून तेल-पाणी पिळून निघतंय. रवीने घुसळल्यावर लोणी वर येतं, हे इथे चालत नाही. इथे घुसळलं की लोणी होतं आणि तसंच राहतं. मिसळणं हवंच, नाहीतर मीठ धुतलं जात नाही. डिसॉल्टरवरही हीच कसरत असते, मिक्सिंग व्हॉल्व्हवरचा दाबफरक जरा कमी पडला तर मीठ राहतं, जरा जास्त झाला तर इमल्शन होतं. पण तासभर म्हणजे छळ. तो दहा मिनिटांवर आणला, व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. पुढची बॅच नऊऐवजी सहा दिवसांत फाटली. मला वाटलं, झालं काम. त्यापुढची पुन्हा अडकली.

मग लॅबमधल्या केमिस्टने एक गोष्ट केली, जी मला सुचली नव्हती. लॉगबुकात तापमान, डोस, वेळ सगळं लिहिलेलं होतं. पाणी कुठून आलं याचा रकानाच नव्हता. पाणी ते पाणी, कोण लिहितो? तिने अकाउंट्समधून पाण्याच्या टँकरची बिलं काढली आणि तारखा जुळवल्या. फेब्रुवारीपासून १९ बॅचेस झाल्या होत्या, त्यातल्या ८ वाईट. त्या ८ पैकी ७ टँकर आल्याच्या एक-दोन दिवसांतल्या. आठवीच्या आसपास टँकरच नव्हता. या आठवीकडे मी तेव्हा दुर्लक्ष केलं. सातला आठने भागून खूश होणारा माणूस मी.

उन्हाळ्यात उजनी धरण उणे टक्क्यांत गेलं की सोलापुरात नळाचं काय होतं, हे इथल्या कुणाला सांगायला नको. शहरात काही दिवसांआड पाणी, आणि कारखान्यांना टँकर. टँकरचं पाणी म्हणजे खोल बोअरचं. आपला सगळा भाग बेसाल्टचा. त्या खडकाच्या भेगांतून झिरपलेलं पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट घेऊन येतं. मामांना मी हे सांगायला गेलो तर ते म्हणाले, "ते होय. त्या पाण्यात डाळ शिजत नाही. कँटीनला आम्ही जार आणतो की." म्हणजे माणसांच्या डाळीसाठी वेगळं पाणी आणि तेलासाठी तेच बोअरचं, हे महिनोन्‌महिने सुरू होतं आणि कुणालाच खटकलं नव्हतं.

केमिस्टने दोन्ही पाणी तपासली. नळाच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला १८० मिलिग्रॅम, पीएच ७.४. टँकरचा कठीणपणा ९४०, पीएच ८.२, आणि बायकार्बोनेटची अल्कता, म्हणजे आम्ल मारायची ताकद, ५०० च्या वर. पिण्याच्या पाण्याच्या मानकात कठीणपणाची मर्यादा २०० आहे, दुसरं पाणीच नसेल तर ६००.

माझा निष्कर्ष तयार होता: कठीणपणा. तेलातली नॅफ्थेनिक आम्लं कॅल्शियमशी जुळून न विरघळणारा साबण करतात, तो थेंबांवर बसतो. बोअरच्या पाण्यात साबणाचा जो चिकट साका होतो, त्याचाच भाऊ. मालकांनी लगेच वॉटर सॉफ्टनरचं कोटेशन मागवलं. तेवढ्यात मी म्हटलं, आधी बाटल्या लावू.

बाटल्या म्हणजे बॉटल टेस्ट. इमल्शनच्या कामात याहून स्वस्त आणि खरं सांगणारी दुसरी गोष्ट नाही. १०० मिलिलिटरच्या पाच निमुळत्या काचनळ्या. प्रत्येकीत त्याच स्लॉपचं ९४ मिलिलिटर तेल आणि ६ मिलिलिटर पाणी, डिमल्सिफायर सारखाच, हाताने मोजून शंभर वेळा हलवायचं, आणि ८० अंशांच्या पाण्यात उभ्या करून ठेवायच्या. आमचं वॉटर बाथ बंद पडलेलं, म्हणून कँटीनचं मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं आणि त्यात इडलीपात्राची जाळी. फरक फक्त पाण्याचा: नळाचं, टँकरचं, सॉफ्टनरमधून काढलेलं टँकरचं, लिंबूसत्त्व (सायट्रिक आम्ल) घालून पीएच ६ केलेलं टँकरचं, आणि डिस्टिल्ड. स्लॉपमध्ये आधीच १४ टक्के पाणी होतं, म्हणजे प्रत्येक नळीत मिळून १९ मिलिलिटर पाणी. चार तासांनी किती सुटलं ते बघायचं.

नळाच्या पाण्याच्या नळीत १६ मिलिलिटर सुटलं, जवळपास स्वच्छ. डिस्टिल्डमध्येही तेवढंच. टँकरच्या नळीत जेमतेम ५, आणि त्याच्यावर १२ मिलिलिटरचा तपकिरी लगदा, नाचणीच्या आंबिलीसारखा. हाच तो मधला थर, ज्याला या धंद्यात रॅग लेयर म्हणतात: ना तेल, ना पाणी, दोघांचे भांडण. लिंबूसत्त्वाच्या नळीत १५. इथपर्यंत माझ्या मनासारखं.

सॉफ्टनरच्या नळीने माझी खोड मोडली. तिच्यात कठीणपणा शून्य होता. माझं म्हणणं खरं असतं तर ती नळाच्या पाण्यासारखी वागायला हवी होती. तिच्यात ९ मिलिलिटर पाणी सुटलं, आणि तेही कॉफीच्या रंगाचं, काचेला तेलाचा धूर लागल्यासारखं. नळी उजेडात धरली तर आरपार दिसेना.

रात्री बसून विचार केला तेव्हा उलगडलं, आणि स्वतःचंच हसू आलं, कारण डिसॉल्टरवर हे मी कितीदा पाहिलं होतं. सॉफ्टनर कॅल्शियम काढतो आणि त्या जागी सोडियम देतो. बायकार्बोनेटला तो हातही लावत नाही. बायकार्बोनेटचं पाणी ८० अंशांना तापवलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच ९ च्या दिशेने चढतो. त्या अल्कतेत नॅफ्थेनिक आम्लांचा साबण होतो. कॅल्शियम असेल तर न विरघळणारा, तेलात बसणारा साबण. सोडियम असेल तर विरघळणारा, आणि तो तेलालाच पाण्यात ओढून नेतो. कॉफीचा रंग त्याचा. टँकरच्या पाण्यात वर आणखी एक भर: तापल्यावर कॅल्शियम कार्बोनेटची बारीक भुकटी तयार होते. घरच्या गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तोच, फक्त इथे कॉइलऐवजी थेंबांच्या कातड्यावर. म्हणजे कठीणपणा साथीदार होता, मुख्य आरोपी अल्कता. सॉफ्टनर घेतला असता तर लाखभर रुपये घालून तेलातलं इमल्शन पाण्यात ढकललं असतं, आणि बोंब सांडपाण्याच्या प्लँटवर झाली असती.

उपाय त्यामानाने फारच साधा निघाला. एका बॅचला १२०० लिटर धुण्याचं पाणी लागायचं. ते आधी उघड्या प्लॅस्टिकच्या टाकीत घ्यायचं, त्यात साधारण किलोभर लिंबूसत्त्व विरघळवायचं, फसफस थांबेपर्यंत हलवायचं, मग तापवायचं, आणि तापवल्यावर पीएच बघायचा. ६ ते ६.५. त्याखाली नको, कारण टाक्या साध्या पोलादाच्या आहेत. रिफायनऱ्यांतही कॅल्शियम जास्त असलेल्या तेलासाठी सायट्रिक, ॲसेटिक अशी आम्लं धुण्याच्या पाण्यात वापरतातच, त्यामुळे हा काही माझा शोध नाही.

इथे एक गोष्ट ठासून लिहितो. मालकांनी विचारलं होतं, "लिंबूसत्त्व कशाला, शेजारच्याकडे गंधकाम्ल पडलंय." नाही. स्लॉपच्या गाळात लोहाचं सल्फाइड असतं. त्यावर तीव्र आम्ल पडलं की हायड्रोजन सल्फाइड निघतो. सडक्या अंड्याचा वास येतो म्हणून सावध होऊ, असं समजू नका. जास्त प्रमाणात तो नाकच बधिर करतो, वास थांबतो आणि माणूस पडतो. सौम्य आम्ल वापरतानाही ते आधी पाण्यातच मिसळायचं, तेलाच्या टाकीत थेट कधीच नाही, आणि टाकीच्या तोंडाशी गॅस डिटेक्टर असल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. युनिटमध्ये डिटेक्टर होता. कपाटात. बॅटरी संपलेला.

बाकीचे बदल भराभर सांगतो. डिमल्सिफायर पुन्हा ३०० वर आणला, आणि तो टाकीत वरून ओतण्याऐवजी पंपाच्या आधी थेंबथेंब सोडला, म्हणजे तेलात पसरतो. तापमान ८५. याहून वर जायचा मोह होतो, पण ओलं तेल शंभरच्या जवळ गेलं की तळचं पाणी उकळून अख्खी टाकी दुधासारखी उतू जाते. तयार तेल बघायला मामांची जुनी रीत चालू ठेवली: तापलेल्या पत्र्यावर थेंब टाकायचा. मोहरीसारखा तडतडला तर पाणी आहे. लॅबचा आकडा यायच्या आत मामांना निकाल माहीत असतो.

सगळ्यात जास्त वाद झाला रॅग लेयरवरून. आत्तापर्यंत तो थर पुढच्या बॅचमध्ये परत टाकत, "त्यात तेल आहे" म्हणून. आहेच, निम्मं असेल. पण त्यात मागच्या सगळ्या बॅचेसचा गाळ, साबण आणि अस्फाल्टीनही आहे. दह्याला विरजण लावावं तसं ते दर वेळी नव्या तेलाला इमल्शनचं विरजण लावत होते. मी म्हटलं, वेगळा काढा, ड्रममध्ये भरा. मालकांना ते पैसे ड्रममध्ये भरल्यासारखं वाटलं. दोन दिवस बोलले नाहीत.

नव्या पद्धतीची पहिली बॅच, टँकरच्याच पाण्यावर, ३१ तासांत फाटली. डिप रॉडवर पेस्टची रेघ आली, सरळ. तेलात पाणी ०.८ टक्के. जूनभर सहा बॅचेस झाल्या, सगळ्या दोन दिवसांच्या आत.

आणि जुलैत, पाऊस पडून नळाला पाणी आल्यावर, नळाच्या चांगल्या पाण्यावर एक बॅच अडकली. पीएच मोजलेला, डोस बरोबर, मिसळणं दहाच मिनिटं. मालकांचा फोन आला तेव्हा आवाजात थोडा आनंद असावा असं मला उगीचच वाटलं.

टाकीच्या तळातून जेवढं पाणी सुटलं होतं तेवढं बाटलीत काढलं. केमिस्टने झाकण उघडून नाक मुरडलं: "सर, मासळीसारखा वास येतोय." सुटलेल्या पाण्याचा पीएच ९.६. आम्ही घातलेलं पाणी साडेसहाचं होतं. म्हणजे अल्कता या वेळी पाण्यातून आली नव्हती, तेलातूनच आली होती. रिफायनरीत गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड धरायला अमाइन नावाची अल्कधर्मी रसायनं वापरतात, आणि त्यातलं काही भटकत स्लॉपमध्ये येतं. हे स्लॉप ज्या ठिकाणाहून आलं होतं, एप्रिलमधली ती आठवी, टँकर नसतानाही बिघडलेली बॅचही तिथलीच होती. मी जिच्याकडे पाठ फिरवली होती ती.

तेव्हापासून पीएच दोनदा मोजतात: घालण्याआधी पाण्याचा, आणि बॉटल टेस्टमध्ये तेलाखाली सुटलेल्या पाण्याचा. आम्लाचा डोस ठरतो तो दुसऱ्या आकड्यावरून. नवं स्लॉप आलं की टँकर रिकामा करण्याआधी एक नळी इडलीपात्रात जाते. अमाइनवाल्या बॅचला लिंबूसत्त्व तिप्पट लागलं आणि फाटायला चार दिवस गेले, पण फाटली. सायट्रिकमुळे सांडपाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजायला लागणारा ऑक्सिजन, वाढला आहे, ते गणित अजून पूर्ण बसलेलं नाही. एरेशन, म्हणजे पाण्यात हवा सोडणं, वाढवून चालवत आहेत.

शेडच्या मागे रॅगचे चौदा ड्रम उभे होते. दोन आम्ही गरम करून, थोडं डिझेल घालून, भाड्याच्या डिकँटर सेंट्रिफ्यूजवर, म्हणजे गरगर फिरवून तेल-पाणी-गाळ वेगळं करणाऱ्या यंत्रावर, चालवून पाहिले. तेल सुटलं, पण डिझेल, वाफ आणि भाडं धरून ते तेल विकत घेण्यापेक्षा महाग पडलं. उरलेले बारा घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे पाठवायचे ठरले. मालकांनी चलनावर सही केली, आणि मामांना म्हणाले, पुढच्या वेळी रॅग कमी पाडा. मामांनी लॉगबुक उघडून 'पाणी कुठलं' या नव्या रकान्यात लिहिलं: नळ.